इंग्लिश वाइन

इंग्लिश वाइन : इंग्लंडमध्ये पिकलेल्या ताज्या द्राक्षांपासून तिथेच तयार केलेली वाइन. तिचे फेसाळ (स्पार्कलिंग) आणि साधी (स्टिल) असे दोन वर्ग असून आजची कीर्ती मुख्यतः फेसाळ वाइनमुळे आहे. ‘ब्रिटिश वाइन’ म्हणून विकले जाणारे पेय यात मोडत नाही; ते बाहेरून आणलेल्या, आटवलेल्या द्राक्षरसापासून बनते. वेल्समधील वाइन ‘वेल्श’ म्हणून वेगळी ओळखली जाते.

पूर्वेतिहास : रोमन काळात ब्रिटनमध्ये द्राक्षवेल लावला जात असल्याचा सबळ पुरावा नॉर्थहॅम्प्टनशरमधील वोलस्टन येथील उत्खननात मिळतो. तिथे लागवडीचे चर आणि द्राक्षाचे परागकण सापडले. त्या द्राक्षांची वाइन किती होत असे, हे मात्र त्यावरून ठरत नाही. 1086 च्या ‘डोम्सडे’ या इंग्लंडच्या जमीन-नोंदवहीत चाळीसहून थोडे अधिक मळे आढळतात. पुढच्या ऱ्हासाची तीन कारणे दिली जातात : 1152 मध्ये हेन्री (पुढे दुसरा हेन्री) आणि अ‍ॅक्विटेनची (बोर्डो ज्यात येते त्या फ्रान्समधील प्रांताची) एलिनॉर यांच्या विवाहानंतर बोर्डोच्या वाइनला मिळालेली मोकळी वाट, हवामानातील थंडावा आणि सोळाव्या शतकातील मठांचे विसर्जन. डोम्सडेतील बरेचसे मळे मठांचे नसून सरदारांच्या जमिनींवर होते. त्यामुळे तिसऱ्या कारणावर फार भार देता येत नाही. बोर्डोच्या मालाशी स्पर्धा हे कारण अधिक पटणारे आहे.

फेसाळपणाच्या श्रेयाचा वाद : वाइन मुद्दाम फेसाळ करण्याची युक्ती प्रथम इंग्लंडमध्ये निघाली की फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतात, यावर बरेच लिहिले गेले आहे. ग्लॉस्टरशरमधील विंचकम येथे जन्मलेले वैद्य क्रिस्टोफर मेरेट यांनी 17 डिसेंबर 1662 रोजी लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेपुढे वाइनवरील प्रक्रियांविषयी एक निबंध वाचला. वाइनचे इंग्रज व्यापारी-कारागीर सर्व प्रकारच्या वाइनमध्ये साखर आणि काकवी घालून तिला चपळ व फेसाळ करतात, असे त्यात नमूद आहे. शॅम्पेनच्या शोधाचे श्रेय ज्यांना रूढीने दिले जाते ते साधू डॉम पेरिन्यों हे तिथल्या ओव्हिलेच्या मठात आले ते 1668 मध्ये, म्हणजे त्यानंतर सहा वर्षांनी. शिवाय फेस हा त्यांच्या दृष्टीने बहुधा दोषच होता. 1990 च्या दशकाअखेर हा निबंध पुन्हा चर्चेत आला आणि ‘शॅम्पेनचा शोध इंग्रजांचा’ हे विधान रूढ झाले. रिजव्ह्यू या ससेक्समधील उत्पादकांनी तर ‘मेरेट’ हे नावच नोंदवून घेतले.

निबंधाचा मजकूर बारकाईने पाहिला तर हा दावा थोडा आवरावा लागतो. मेरेट यांनी प्रचलित प्रथेची नोंद केली, शोधाचा दावा केला नाही. साखर पिंपात पडत होती की बाटलीत, हेही तिथे स्पष्ट होत नाही. बाटलीतल्या दुसऱ्या किण्वनानंतरचा (आंबवणानंतरचा) गाळ काढण्याची पद्धत तर त्यात मुळीच नाही. दक्षिण फ्रान्समधील लिमू गाव याहून जुन्या, 1531 च्या उल्लेखाकडे बोट दाखवते. पण त्या उल्लेखातील वाइन फेसाळच होती, हे सर्वांना मान्य नाही. इंग्लंडची बाजू खरी भक्कम आहे ती काचेच्या बाबतीत. 1615 मध्ये पहिल्या जेम्सने काचभट्ट्यांत लाकूड जाळण्यास मनाई केली, कारण ते आरमाराला हवे होते. भट्ट्या दगडी कोळशावर आल्या, उष्णता वाढली आणि जाड, काळपट, दाब सोसणारी बाटली तयार होऊ लागली. तिचे श्रेय सामान्यतः सर केनेल्म डिग्बी यांना देतात. घट्ट बुचाचीही सोय झाली होती, आणि पश्चिमेकडील परगण्यांतले सायडर (सफरचंदाचे मद्य) करणारे बाटलीत थोडी साखर घालून ती बुचाने बंद करत होते. तेव्हा दाब बाटलीत कोंडण्याचे तंत्र इंग्लंडचे आणि त्यावरून पुढे उभी राहिलेली संपूर्ण पद्धत शॅम्पेनची, असे मानणे उपलब्ध पुराव्याशी अधिक जुळते.

आधुनिक पुनरुज्जीवन : 1952 मध्ये मेजर-जनरल सर गाय सॉल्झबरी-जोन्स यांनी हॅम्पशरमधील हॅम्बल्डन येथे व्यापारी मळा लावला. पुढची तीन दशके थंडीत लवकर पिकणाऱ्या जर्मन व संकरित जातींवर भर राहिला : म्यूलर-थुर्गाऊ, रायखनस्टाइनर, सेव्हाल ब्लां. 1988 मध्ये ससेक्समधील नायटिंबर येथे स्टुअर्ट आणि सँडी मॉस या अमेरिकी दांपत्याने शॅम्पेनच्या जाती (शार्दने, पिनो न्वार, पिनो म्यूनिए) लावल्या आणि दिशा बदलली. त्यांचा 1992 चा हंगाम बाजारात आल्यावर या जाती इंग्लंडमध्ये टिकतील का, ही शंका फिटली. 2015 मध्ये शॅम्पेनच्या टॅटिंजर घराण्याने केंटमध्ये जमीन घेतली. 2022 मध्ये ससेक्सला संरक्षित भौगोलिक नामांकन मिळाले.

भूमी व हवामान : ससेक्स, केंट, हॅम्पशर आणि सरे येथील डाउन्स टेकड्यांवर खडू दगडाची जमीन आहे. ती पाणी झटकन निचरून टाकते आणि उन्हाळ्यात मुळांना थोडेथोडे परतही देते. मात्र खडू हेच गुणवत्तेचे एकमेव कारण मानू नये. ग्रीनसँड या वालुकामय जमिनीवरही उत्तम फेसाळ वाइन होते. एसेक्समधील क्राउच खोऱ्यात चिकणमाती असूनही ऊन जास्त व पाऊस कमी असल्यामुळे साध्या शार्दने आणि पिनो न्वारसाठी तो भाग आज अग्रेसर आहे.

एप्रिल-मेमध्ये डोळे फुटल्यावर पडणारे दव-गोठण हा मुख्य धोका. त्यासाठी मळ्यात मेणाच्या मोठ्या मेणबत्त्या रात्रभर जाळतात. जूनअखेर-जुलैत फुलोऱ्याच्या वेळी पाऊस आला तर फळधारणा विरळ होते. नंतर भुरी, केवडा आणि राखी बुरशी यांचा क्रम असतो. तोडणी सप्टेंबरअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत चालते. साखर कमी आणि आम्लता प्रतिलिटर 10 ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून जास्त, हे रसाचे नेहमीचे लक्षण. नाशिक-नारायणगाव पट्ट्यातल्या फेसाळ वाइनची अडचण याच्या नेमकी उलट आहे : तिथे साखर लवकर चढते आणि आम्लता सांभाळण्यासाठी द्राक्षे लवकर तोडावी लागतात. इंग्लिश वाइनचे जवळजवळ सगळे गुण आणि दोष या आम्लतेतून येतात.

फेसाळ वाइनची कृती : घड अख्खेच हळुवार दाबतात, म्हणजे काळ्या पिनोच्या सालीचा रंग रसात उतरत नाही. पहिल्या किण्वनातून साधारण 10.5 टक्के मद्यार्काची आधारवाइन मिळते. कमी पडल्यास किण्वनात साखर घालतात. पुष्कळ उत्पादक मॅलिक आम्लाचे मवाळ लॅक्टिक आम्लात रूपांतर होऊ देतात. काही जण ते अडवून धार कायम ठेवतात. मग बाटलीत प्रतिलिटर सुमारे 24 ग्रॅम साखर आणि यीस्ट घालून धातूचे टोपण ठोकतात. या साखरेने दाब साधारण 6 वातावरणांपर्यंत जातो आणि मद्यार्क सव्वा-दीड टक्का वाढतो. साखर जास्त झाली तर बाटल्या फुटतात. आधारवाइनमध्ये मद्यार्क 11 टक्क्यांच्या फार वर असेल किंवा मोकळा सल्फर डायऑक्साइड जास्त असेल तर यीस्ट मध्येच थांबते आणि फेस अर्धवट राहतो. म्हणून यीस्टला आधी त्याच वाइनमध्ये टप्प्याटप्प्याने वाढवून घेतात.

गाळावर दीड ते तीन वर्षे, कधी त्याहून जास्त ठेवल्यावर ब्रेड-बिस्किटाचा वास येतो. नंतर बाटल्या फिरवत उलट्या करून गाळ मानेशी आणतात, मान गोठवून तो उडवतात आणि साखर-वाइनचे मिश्रण भरतात. प्रतिलिटर 12 ग्रॅमच्या आत साखर असलेल्या वाइनला ‘ब्रूट’ म्हणतात. आम्लता जास्त असल्याने इंग्लिश ब्रूटमध्ये 8 ग्रॅम साखरही जिभेला क्वचितच जाणवते. साखर अजिबात न घातलेल्या बाटल्या नवख्याला कडक लागतात.

साध्या वाइन : यात बॅकस ही पांढरी जात प्रमुख. ती 1933 मध्ये जर्मनीत सिल्व्हानर व रिस्लिंगच्या संकराशी म्यूलर-थुर्गाऊ मिसळून तयार झाली. एल्डरची फुले, गूजबेरी आणि कापलेले गवत असा तिचा वास असतो. ती वर्ष-दोन वर्षांत प्यावी. फार ठेवली तर वास उतरतो. लाल वाइन बहुतांशी फिकी, पातळ अंगाची पिनो न्वारची असते आणि उष्ण हंगामातच ती खरी बहरते. 2018 हा त्याचा दाखला.

वाढणे : फेसाळ वाइन 8 ते 10 अंश सेल्सिअसला द्यावी. बर्फ आणि पाणी निम्मेनिम्मे घेतल्यास बाटली अर्ध्या तासात थंड होते. नुसत्या बर्फात जास्त वेळ लागतो. 5 अंशांच्या खाली गेली की सुगंध मिटतो आणि केवळ आंबटपणा उरतो. तार सोडल्यावर बुचावरचा अंगठा काढू नये. बूच धरून बाटली फिरवावी. उबदार किंवा हललेली बाटली उतू जाते. ग्लास उभट अरुंद असण्यापेक्षा कमळाच्या कळीसारखा असावा. त्यात साबणाचा थर राहिला तर फेस धरत नाही. पिनो न्वार 13 ते 15 अंशांना.

खाद्यपदार्थांशी मेळ : मीठ आम्लतेची धार कमी करते, आणि आम्लता व बुडबुडे तोंडातला तेलकटपणा धुऊन काढतात. म्हणून ब्रूट आणि फिश-अँड-चिप्स ही जोडी सर्वांत सोपी. चिप्सवर माल्ट व्हिनेगर ओतले तर मात्र वाइन बेचव होते, कारण पदार्थ वाइनपेक्षा आंबट झाला की वाइन पाणचट लागते. शार्दनेच्या ‘ब्लां द ब्लां’बरोबर (केवळ पांढऱ्या द्राक्षांच्या फेसाळ वाइनबरोबर) व्हिटस्टेबलचे कालव किंवा हॅम्पशरचे टनवर्थ चीज उत्तम. फेसाळ रोझेबरोबर (गुलाबी वाइनबरोबर) धुरावलेला सामन चालतो. निळी बुरशी असलेल्या स्टिल्टनशी ब्रूट घेतल्यास कडवट, धातूसारखी चव येते. स्कोन-जॅमबरोबर ब्रूट देण्याची हॉटेलांतली प्रथा चवीच्या दृष्टीने सदोषच आहे : वाइन पदार्थाहून गोड नसेल तर ती आंबट वाटते. तिथे ‘दमी-सेक’ ही अधिक गोड फेसाळ वाइन घ्यावी.

वसंतातला शतावरी (अ‍ॅस्परॅगस) बहुतेक वाइनना बिघडवतो. बॅकसचा हिरवट वास त्याला सामावून घेतो. बकरीचे चीज, ओवा-कोथिंबिरीची कोशिंबीर यांनाही ती जुळते. पिनो न्वारबरोबर बदक, अळिंबी, भाजलेली कोंबडी. गोमांसाच्या जड रश्श्यापुढे ती हरवते.

ब्रिटनमधल्या मराठी घरांतील जेवणाला हेच नियम लागू पडतात. रव्यात घोळवून तळलेली सुरमई, कांदाभजी, साबुदाण्याचे वडे यांच्याशी ब्रूट छान जमते, मात्र हिरव्या मिरचीचा ठेचा बाजूला ठेवावा. तिखट, मद्यार्क आणि बुडबुडे एकत्र आले की जळजळ वाढते; झणझणीत रश्श्याला फेसाळ वाइन टाळलेली बरी. चिंच-कोकम घातलेल्या आमटीपुढे तर बॅकसही फिकी पडते.

उघडलेली बाटली दाब धरणारे खास टोपण लावून फ्रिजमध्ये ठेवल्यास एक-दोन दिवस टिकते. मानेत चमचा ठेवण्याचा उपाय फेस राखत नाही. पारदर्शक काचेतली रोझे उजेडात ठेवू नये. उजेडाने तिला शिजलेल्या कोबीसारखा वास येतो आणि तो जात नाही.