सरडगुहिरा : मादीतील अस्थिविकार व शुश्रूषा

सरडगुहिरा (घोयरा सरडा, शॅमेलिऑन) बंदिस्त ठेवल्यास त्याची हाडे मऊ पडू शकतात. मादीत हा विकार अधिक लवकर व अधिक तीव्र दिसतो. भारतात या कुलातील कॅमेलिओ झेलॅनिकस ही एकच जाती आढळते. विदर्भात ती धुऱ्यावरच्या (शेताच्या बांधावरच्या) बोरी-बाभळींवर व कुंपणाच्या झुडपांत वावरते. ‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ ही म्हण मात्र हिच्यावरून पडलेली नसावी, कारण हा प्राणी धावतच नाही.

विकाराच्या नावाविषयी एकवाक्यता नाही. जुन्या लेखनात त्याला सरसकट मुडदूस म्हटले जाई. काटेकोर अर्थाने मुडदूस हा वाढत्या वयातील, ड जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग. प्रौढातील तशाच अवस्थेला अस्थिमृदुता म्हणतात. सरडगुहिऱ्यात बहुधा तिसराच प्रकार असतो. रक्तातील कॅल्शियम घटले की परावटू (पॅराथायरॉइड) ग्रंथी उत्तेजित होतात, त्यांचे संप्रेरक हाडांतील कॅल्शियम ओढून घेते आणि त्या जागी तंतुमय ऊतक भरते. ‘चयापचयी अस्थिविकार’ ही रूढ संज्ञा या साऱ्यांना कवेत घेते व म्हणूनच मोघम आहे. येथे ती सोयीपुरती वापरली आहे.

मूळ कारण आहार व ऊन. आहारात कॅल्शियम फॉस्फरसच्या सुमारे दुप्पट असावे लागते. रातकिड्यांत ते प्रमाण नेमके उलटे, कितीतरी पटींनी व्यस्त असते. कॅल्शियम आतड्यातून शोषले जाण्यासाठी लागणारे ड३ जीवनसत्त्व 290 ते 320 नॅनोमीटर तरंगलांबीच्या जंबुपार (अल्ट्राव्हायोलेट) किरणांनी त्वचेत तयार होऊ लागते. तोंडावाटे दिलेले ड३ उन्हाची जागा कितपत घेते, यावर मतभेद आहेत. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मादागास्करच्या पँथर शॅमेलिऑनने आहारातील ड३ पाहून उन्हात बसण्याचे प्रमाण स्वतःच कमी-जास्त केल्याचे दिसले. त्यामुळे ऊन-सावलीची निवड प्राण्यावर सोडणे अधिक सयुक्तिक वाटते.

मादीवर अंड्यांचा बोजा वेगळा. नर नसतानाही ती निर्बीज अंडी धरू शकते, आणि त्यांच्या कवचांचे कॅल्शियम तिच्याच साठ्यातून जाते. आरंभी जीभ भक्ष्यापर्यंत पोहोचत नाही, फांदीवरची पकड सुटते. पुढे खालचा जबडा बोटाखाली रबरासारखा दबतो आणि पायाला कोपराखेरीज आणखी एक बाक दिसू लागतो. स्नायू दुबळे झाल्याने अंडी पोटातच अडकण्याचा धोका असतो. निदान क्ष-किरण चित्राने होते.

अशा मादीला फांदीवरून ओढून काढू नये, त्यात हाड मोडते. पोटाखाली काडी धरली की ती आपण होऊन चढते. फांद्या जमिनीलगत, आडव्या लावाव्यात. काच जंबुपार किरण अडवते आणि तापते, म्हणून जाळीचा पिंजरा बरा. त्याचा अर्धा भाग कायम सावलीत हवा. मे महिन्यात पारा 45 अंशांपुढे जातो तेव्हा उन्हाची वेळ सकाळी नऊच्या आतच उरकावी. टिनाच्या खोलीत पिंजरा ठेवणे म्हणजे तिला भाजणेच होय. रातकिड्यांना एक-दोन दिवस शेवग्याचा पाला चारून मग फॉस्फरसविरहित कॅल्शियम कार्बोनेटची भुकटी चोळतात. पानाचा चुना हा त्याला पर्याय नव्हे, तो दाहक असतो. फवारणी झालेल्या पऱ्हाटीतले (कपाशीतले) नाकतोडे वर्ज्य. कॅल्शियमची औषधे व त्यांची मात्रा पशुवैद्यकाने ठरवावी.

‘पाळीव’ हा शब्द येथे जपून वापरावा लागतो. देशी सरडगुहिरा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 अन्वये संरक्षित असल्याने तो घरी ठेवणे गुन्हा ठरतो. जखमी मादी सापडल्यास वनविभागाला (मदत क्रमांक 1926) कळवावे. नागपुरात सेमिनरी हिल्स येथे वन्यप्राण्यांसाठी ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे. परदेशी जातींना नोंदणी लागते.

अंडी घालण्याच्या बेतातली मादी खाणे सोडते, अस्वस्थपणे खाली उतरते आणि माती उकरते. तिला वीतभर किंवा अधिक खोल, ओलसर माती-वाळूची बादली द्यावी व वरून फडके टाकावे, कारण कोणी पाहत असल्यास ती खोदकाम अर्धवट सोडते. अंडी घातल्यावर ती पाणी भरपूर पिते. पानांवर शिंपडलेले थेंबच ती चाटते, वाटीतले साचलेले पाणी सहसा ओळखत नाही.