वेल्समधल्या पूर्वजाचा दाखला मागवायचा तर : अर्ज, पात्रता, कागदपत्रं

इंग्लंड-वेल्समध्ये जन्म, मृत्यू आणि विवाहाची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून सुरू झाली. तेव्हापासूनचा कोणताही दाखला जनरल रजिस्टर ऑफिस या तिथल्या सरकारी नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावरून कुणालाही मागवता येतो. नातं सिद्ध करायचं नाही, ओळखपत्र जोडायचं नाही. आपल्या नगरपालिकेच्या खिडकीची सवय असलेल्यांना हे पटत नाही, पण खातं, टपालाचा पत्ता आणि परदेशी व्यवहार चालणारं कार्ड एवढंच लागतं. एप्रिल २०२४ पासून छापील दाखला १२.५० पौंडांना आणि पीडीएफ ८ पौंडांना मिळू लागली. पैसे भरण्याआधी चालू दर पाहून घ्या. पीडीएफ फक्त जन्म-मृत्यूची मिळते, विवाहाची नाही.

खरी अडचण अर्जात नसून आडनावात आहे. वेल्समध्ये पूर्वी आपल्यासारखंच नावापुढे वडिलांचं नाव लावत : 'ॲप' म्हणजे अमक्याचा मुलगा. ॲप हाउएलचा पुढे पॉवेल झाला, ॲप रीसचा प्राइस, ॲब ओवेनचा बोवेन. बाकीचे बहुतेक जोन्स, डेव्हिस, विल्यम्स, इव्हान्स. खेड्यांत तर एकोणिसाव्या शतकातही बाप-लेकाची आडनावं वेगळी सापडतात. 'जॉन जोन्स, ग्लॅमॉर्गन परगणा, १८६० च्या आसपास' एवढ्यावर पैसे भरलेत, तर भलताच जॉन जोन्स घरपोच येईल.

म्हणून आधी जनगणना पाहा. १८४१ ते १९२१ पर्यंतची दर दहा वर्षांची पानं खुली आहेत. १९३१ ची १९४२ च्या आगीत गेली, १९४१ ची झालीच नाही. १८४१ मध्ये १५ वर्षांवरच्यांची वयं साधारणपणे खालच्या पाचाच्या पटीत लिहिली आहेत, म्हणजे २९ वर्षांचा माणूस २५ चा दिसतो. १८५१ पासून जन्माचा पॅरिश (चर्चच्या हद्दीतला गाव-भाग) आणि कुटुंबप्रमुखाशी नातं मिळतं. घराचं किंवा शेतवाडीचं नाव आवर्जून टिपून ठेवा. दोन जॉन जोन्स वेगळे करायला 'पेन-अ-ब्रिन'सारखं वाडीचं नाव आणि बापाचा धंदा हेच कामी येतं.

पहिला दाखला शक्यतो लग्नाचा मागवावा, कारण त्यात वधू-वर दोघांच्याही वडिलांचं नाव आणि व्यवसाय असतो. (आयांची नावं मात्र ४ मे २०२१ पासूनच.) जनरल रजिस्टर ऑफिसच्या स्वतःच्या सूचीत विवाह शोधता येत नाहीत, ते फ्रीबीएमडी या संकेतस्थळावर फुकट शोधा आणि तिथे दिलेले तिमाही, जिल्हा, खंड, पान हे चारही अर्जात जसेच्या तसे भरा. १८५२ ते १९४६ मध्ये खंड ११ए किंवा ११बी असेल तर नोंद बहुतेक वेल्सची. तिमाही नोंदणीची असते, जन्माची नव्हे : नोंदवायला ४२ दिवसांची मुदत असल्यामुळे डिसेंबरातलं बाळ पुढच्या वर्षाच्या मार्च तिमाहीत सापडू शकतं. हाच संदर्भ क्रमांक स्थानिक नोंदणी कार्यालयात चालत नाही, त्यांच्या वह्या वेगळ्या.

जन्माच्या ऑनलाइन सूचीत १८३७ पासून आईचं माहेरचं आडनाव दिलं आहे. ते टाकून शोधलं की भावंडंही हाती लागतात. तिथे नुसती रेघ असेल तर बहुधा आई अविवाहित होती.

१८३७ च्या मागे जायचं तर पॅरिशच्या वह्या, बिशपकडे पाठवलेल्या त्यांच्या नकला आणि १८५८ पूर्वीची मृत्युपत्रं बघावी लागतात. नकला आणि मृत्युपत्रं ॲबरिस्टविथ इथल्या वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. मृत्युपत्रं तर घरबसल्या मोफत दिसतात. कुटुंब चॅपलवालं, म्हणजे सरकारमान्य अँग्लिकन चर्चबाहेरच्या पंथाचं असेल तर बाप्तिस्मा बहुधा पॅरिशच्या वहीत नसतो, पण १७५४ ते १८३७ मधलं लग्न बहुधा पॅरिशच्याच वहीत सापडतं, कारण चॅपलमधलं लग्न कायदेशीर नव्हतं. पूर्वज मुंबई इलाख्यात नोकरीला आलेला असेल तर ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या एन/३ मालिकेत त्याचा बाप्तिस्मा, लग्न, दफन शोधा.

हे सगळं ब्रिटनच्या ॲन्सेस्ट्री व्हिसासाठी, म्हणजे पूर्वजाच्या आधारे तिथे राहून काम करण्याच्या परवान्यासाठी चाललं असेल, तर आजी-आजोबांपैकी एकाचा जन्म ब्रिटनमधला लागतो. पणजोबा चालत नाहीत. अर्जदार १७ वर्षं पूर्ण केलेला, भारतासारख्या राष्ट्रकुल देशाचा नागरिक आणि तिथे काम करायला तयार असावा. सोबत स्वतःचा, संबंधित आई किंवा वडिलांचा आणि त्या आजी-आजोबांचा असे तीन पूर्ण जन्मदाखले, आणि आडनाव बदललं असेल तिथे विवाहदाखले. यासाठी छापील प्रतच मागवा, कारण पीडीएफला पुरावा म्हणून किंमत नाही.