ब्लॉक किती टक्के?

हृदयाच्या धमन्यांची अँजिओग्राफी करून घरी आलेल्या माणसाला भेटायला येणारा प्रत्येक जण एकच विचारतो, "किती टक्के निघाला?" जणू दहावीचा निकाल. नव्वद म्हटलं की खोलीत शांतता. चाळीस म्हटलं की "मग काय, गोळ्यांवर भागेल" म्हणून चहा टाकला जातो. पण हे टक्के नेमके कशाचे, हे सहसा कोणी विचारत नाही.

ही तपासणी सापडली तीच मुळी एका चुकीतून. 1958 साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये डॉ. मेसन सोन्स एका 26 वर्षांच्या तरुणाच्या हृदयाची झडप तपासत होते. नळीचं टोक महाधमनीत असायला हवं होतं. ते घसरून उजव्या हृदयधमनीत शिरलं, आणि कोणाच्या लक्षात यायच्या आत एक्स-रेत दिसणारं सुमारे 30 मिलिलिटर रंगद्रव्य थेट तिच्यात गेलं. असं झालं तर रोगी दगावणार, अशी तेव्हा डॉक्टरांची खात्री होती. हृदय थांबलंही. सोन्स ओरडले, "खोका!" तो खोकला, पुन्हा खोकला, आणि ठोके परत सुरू झाले. एवढं रंगद्रव्य हृदयाने सोसलं, तर थोडंसं मुद्दाम सोडून धमन्यांचं चित्र का काढू नये, हा विचार त्यांनी पुढे नेला. आज मनगटातून नळी घालून काही मिनिटांत होते ती अँजिओग्राफी तिथून निघाली.

मात्र तिच्यात दिसते ती पोकळीची सावली. रंगद्रव्य जिथून वाहतं तेवढाच भाग पडद्यावर येतो. धमनीची भिंत, जिथे खरा आजार असतो, ती दिसतच नाही. 1987 मध्ये सीमोर ग्लॅगोव्ह आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की भिंतीत चरबी साचू लागली की धमनी आधी बाहेरच्या बाजूला फुगते आणि आतली वाट बराच काळ मोकळी ठेवते. म्हणजे सावली स्वच्छ असूनही भिंत बरबटलेली असू शकते.

अटॅक येतो तो याच भिंतीतून. चरबीचा साठा करंजीसारखा समजा: आत मऊ सारण, वर पारी. पारी जाड असेल तर करंजी वर्षानुवर्षं टिकते. पातळ असेल तर एक दिवस फुटते, सारण रक्ताला लागतं आणि तिथे गुठळी धरते. अशी फुटणारी करंजी अनेकदा तीस-चाळीस टक्केवालीच असते. गेल्या महिन्यात टीएमटी, म्हणजे ट्रेडमिलवर चालवून काढलेला ईसीजी, नॉर्मल आलेल्या माणसाला या महिन्यात झटका कसा आला, याचं उत्तर बहुधा इथे असतं.

आणि टक्के म्हणजे रुंदीचे टक्के. रुंदी निम्मी झाली की वाटेचं क्षेत्रफळ पाऊणभर कमी झालेलं असतं. तरीही बसल्या जागी त्रास होत नाही, कारण पुढच्या बारीक वाहिन्या सैल होऊन रक्त ओढून घेतात. आराम करताना रक्त कमी पडायला अडथळा पंच्याऐंशी-नव्वद टक्क्यांच्या घरात जावा लागतो. जिना चढताना मात्र पन्नासच्या पुढेच ओढाताण सुरू होऊ शकते. विल्यम हेबर्डन यांनी 1768 साली लंडनमध्ये हेच टिपलं होतं: चालताना, विशेषतः चढावर आणि जेवणानंतर, छाती आवळते, थांबलं की जाते. तेव्हा ईसीजी नव्हता. आजही ही हकीकत नीट ऐकून घेणं ही पहिली तपासणी आहे, कारण आराम करताना काढलेला ईसीजी साफ नॉर्मल येऊ शकतो. बायकांमध्ये आणि मधुमेहींमध्ये तर कधी छाती दुखतच नाही. नुसता दम लागतो, घाम फुटतो, मळमळतं, आणि घरचे ॲसिडिटी म्हणून सोडून देतात.

अडथळा खरोखर रक्त अडवतो का, हे मोजताही येतं. धमनीत केसासारखी तार सरकवून अडथळ्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब पाहतात. औषधाने वाहिन्या सैल केल्यावर पलीकडचा दाब अलीकडच्या दाबाच्या 0.80 पटीच्या वर राहिला, तर सहसा स्टेंटची, म्हणजे धमनी उघडी ठेवणाऱ्या जाळीच्या नळीची, गरज नसते. डोळ्याला सत्तर टक्के वाटणारे बरेच ब्लॉक या परीक्षेत निरुपद्रवी ठरतात.

अटॅक चालू असेल तर गोष्ट वेगळी. तिथे मिनिटागणिक स्नायू मरतो, स्टेंट जीव वाचवतो, आणि कॅथ लॅब, म्हणजे स्टेंट घालण्याची सोय असलेली खोली, दूर असेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन. अशा वेळी स्वतः स्कूटर काढू नये, 108 लावावा. पण थांबलं की थांबणाऱ्या, स्थिर दुखण्यात स्टेंटने आयुष्य वाढतं का? 2007 मधल्या 2,287 रुग्णांच्या 'करेज' अभ्यासात आणि नंतरच्या 5,179 रुग्णांच्या 'इस्केमिया' अभ्यासात, चांगल्या औषधोपचाराच्या तुलनेत मृत्यू कमी झाले नाहीत. डाव्या मुख्य धमनीतला अडथळा किंवा दुबळं झालेलं हृदय यांचा हिशोब निराळा. तिथे बायपासचा विचार करावाच लागतो. बाकीच्यांसाठी स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध, पारी जाड करतं, आणि ते सगळ्या करंज्यांची करतं. स्टेंट एकाच जागी बसतो.

मग दुखणं तरी थांबतं का? 2017 मध्ये ब्रिटनमध्ये 'ऑर्बिटा' अभ्यासात 200 रुग्णांना गुंगी देऊन, कानाला हेडफोन लावून टेबलावर घेतलं. 105 जणांना स्टेंट घातला, 95 जणांना नाही. कोणाला काय मिळालं ते रुग्णांना ठाऊक नव्हतं. सहा आठवड्यांनी ट्रेडमिलवरच्या वेळेत फरक होता सरासरी 16.6 सेकंदांचा, तोही योगायोग म्हणण्याजोगा. अर्थात हे सगळे भरपूर औषधांवर होते. 2023 च्या दुसऱ्या फेरीत दुखण्याची औषधं बंद ठेवून तोच प्रयोग केला, तेव्हा स्टेंटचा फायदा स्पष्ट दिसला: बारा आठवड्यांनी स्टेंटवाल्या दहांपैकी साधारण चौघांचं दुखणं पूर्ण गेलं होतं, खोट्या उपचाराच्या गटात दीड जणाचं. उरलेल्या सहांची धमनी उघडूनही छाती अधूनमधून दुखतच राहिली. अशा दुखण्याचं मूळ कधीकधी त्या पुढच्या बारीक वाहिन्यांत असतं, आणि त्या अँजिओग्राफीत दिसत नाहीत, म्हणून त्यांचे टक्केही रिपोर्टात येत नाहीत.