सयामी मांजर आणताय? आधी हे वाचा
थायलंडच्या मांजरांविषयी आमच्या गिऱ्हाइकांसाठी माहितीपत्रक

"ओ दादा, मांजर काळं पडालंय बघा!"

दिवाळी होऊन थंडी सुटली की दरवर्षी एक तरी गिऱ्हाईक असं म्हणत आमच्या दुकानाची पायरी चढतं. बास्केटमधून मांजर बाहेर निघतं. मे महिन्यात घेतलं तेव्हा सायीसारखं पांढरं होतं म्हणे, आता नाक, कान, पंजे आणि शेपूट चुलीत घालून काढल्यासारखं. विकणाऱ्यानं फसवलं की मांजराला काही रोग झाला, एवढंच त्यांना विचारायचं असतं. एका मावशींनी तर काजळी समजून दोनदा साबण लावून आंघोळही घातली होती. मांजरानं मावशींचे हात ओरबाडले, रंग काही गेला नाही.

तेच तेच सांगून आमचा घसा बसतो, म्हणून हे पत्रक छापलं. सुरुवातीलाच सांगून ठेवतो, आम्ही पिल्लं विकत नाही. खाणं, वाळू, बास्केट विकतो, आणि तुम्ही गावाला गेलात तर मांजर सांभाळतो. त्यामुळे अमुक जातीचंच घ्या असं सांगण्यात आमचा काही फायदा नाही.

रंग थंडीवर चालतो

केसांना रंग देण्याचं काम अंगातलं एक एन्झाइम करतं. सयामी मांजरात एका जनुकामुळे ते जन्मतःच थोडं बिघडलेलं असतं, उबेत ते काम करत नाही. मांजराच्या अंगाची ऊब ३८ ते ३९ अंश सेल्सिअस. पोटापाठीवर ही ऊब पुरेपूर असते, म्हणून तिथं केस फिके उगवतात. कान, नाक, पंजे, शेपूट हे भाग त्या मानानं गार, तिथं एन्झाइम जागं होतं आणि केस गडद येतात. आईच्या पोटात सगळीकडे सारखीच ऊब, म्हणून पिल्लू जन्मतं ते पांढरंच. काही आठवड्यांत कानाच्या कडा मळल्यासारख्या दिसू लागतात आणि मग रंग चढत जातो.

बेळगाव साधारण ७५० मीटर उंचीवर. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री कशा असतात ते तुम्हाला माहीत आहे. मांजर गच्चीवर किंवा पडवीत झोपत असेल तर रंग आणखी गडद होणार. वय वाढेल तशी पाठही तपकिरी होत जाते. यात रोग नाही, फसवणूक नाही, आणि साबणाचा उपयोग तर नाहीच.

आणखी एक तक्रार याच कारणाची. नसबंदीच्या वेळी पोटावरचे किंवा कुशीवरचे केस भादरतात. नवे केस येईपर्यंत तेवढी जागा गार राहते, म्हणून तिथं काळपट ठिगळ उमटतं. त्यावरून डॉक्टरांशी भांडू नका. पुढच्या वेळी केस गळून नवे आले की बहुतेक वेळा ते ठिगळ जातं.

निळे डोळेही याच जनुकामुळे. डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसांची जोडणीही त्यामुळे थोडी वेगळी होते, म्हणून काही सयामी मांजरं तिरळी दिसतात. शेपटीच्या टोकाला गाठ असणं हेही जुन्या सयामींचं लक्षण. राजकन्या नदीत उतरताना अंगठ्या मांजराच्या शेपटीत अडकवायची, त्या पडू नयेत म्हणून मांजरानं शेपटीला गाठ मारली, अशी एक गोष्ट सांगतात. युरोप-अमेरिकेतल्या पैदास करणाऱ्यांनी तिरळेपणा आणि गाठ दोन्ही दोष ठरवून निवडीनं कमी केले. आम्हाला विचाराल तर गाठ असलेली शेपूट जास्त गोड दिसते.

नावं ऐका, ओळखीची वाटतील

सयाम देशाचं १९३९ साली थायलंड झालं, मांजर मात्र सयामीच राहिलं. बेळगावच्या माणसाला यावर जास्त समजावून सांगायला नको.

थायलंडमध्ये मांजरांवरच्या जुन्या सचित्र पोथ्या आहेत. कोणतं मांजर शुभ, कोणतं अशुभ, त्याचं रूप कसं, हे सगळं त्यात पद्यात लिहिलेलं. आपल्याकडे घोड्याचे भोवरे आणि बैलाची लक्षणं बघतात, तसाच प्रकार. थाई भाषेनं संस्कृत-पालीतून खूप शब्द घेतले आहेत, त्यामुळे मांजरांची नावंही आपल्या कानाला परकी लागत नाहीत. तांबूस-तपकिरी मांजर 'सुफलक', म्हणजे शुभलक्षण. पांढरंशुभ्र ते 'खाओ मनी', यातलं 'मनी' म्हणजे आपला मणी. आपल्या मनीमाऊचा त्याच्याशी संबंध नसावा, पण हाक मारायला सोय आहे. राखाडी 'कोराट' मांजर ज्या प्रांतातलं, त्याचं पूर्ण नाव नखोन रात्चसिमा, म्हणजे नगर, राज आणि सीमा. सीमाभागातल्या माणसानं या मांजराला थोडं जास्त प्रेम दिलं तर चालेल.

सयामीचा स्वभाव

सयामी मांजर बोलतं. साधं मांजर भूक लागली की म्याव करतं. हे सकाळी उठल्यावर, तुम्ही बाहेरून आल्यावर, दार बंद केल्यावर, दार उघडल्यावर आणि कधी काही कारण नसतानाही बोलतं, तेही लहान मूल रडावं तशा भसाड्या, लांबट आवाजात. मराठीत बोला, कन्नडमध्ये बोला, ते उत्तर देणारच. भिंतीला भिंत लागून असलेल्या गल्लीत राहत असाल तर शेजाऱ्यांना आधी कल्पना देऊन ठेवा.

दुसरं म्हणजे ते माणसाळलेलं असतं म्हणणंही कमी पडेल, ते माणसाला चिकटलेलं असतं. घरातलं एक माणूस निवडतं आणि त्याच्या मागे स्वयंपाकघरातून न्हाणीघरापर्यंत फिरतं. नवरा-बायको दोघं नोकरीला, मुलं शाळेत, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा घराला कुलूप, असं असेल तर सयामी आणू नका. एकटं पडलं की ते ओरडतं, पडदे फाडतं, स्वतःचे केस चाटून चाटून काढतं. आणायचंच असेल तर एकाच्या जागी दोन आणा. घरात आजी-आजोबा असतील, घराखालीच दुकान असेल, चार माणसं येत-जात असतील, तर याच्यासारखं मांजर नाही. जुन्या माडीच्या घरात तर त्याची चंगळ. त्याला उंच चढायला हवं असतं, कडीपाट आणि फडताळं त्याच्यासाठीच बांधली आहेत असं त्याला वाटतं.

काही सयामी आणि बर्मी मांजरांना लोकर चघळायची खोड असते. आपल्याकडे घरोघरी घोंगडी असते, त्यामुळे ही खोड लगेच उघडी पडते. नुसतं चोखत असेल तर सोडून द्या. धागे गिळत असेल तर घोंगडी उचलून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. आतड्यात धागा अडकला तर ऑपरेशनवर जातं.

भाटी असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. सयामी भाट्या लवकर वयात येतात, काही चौथ्या-पाचव्या महिन्यातच माजावर येतात. तेव्हाचा आवाज ऐकून गल्लीतले लोक काय झालं म्हणून दार वाजवतात, हे आम्ही पाहिलेलं आहे. पिल्लं नको असतील तर नसबंदीबद्दल डॉक्टरांना चौथ्या महिन्यातच विचारा.

बाकीची थाई मांजरं

कोराट एकाच रंगाचं असतं, निळसर राखाडी, केसांच्या टोकाला चांदीची झाक. चेहरा समोरून पिंपळपानासारखा. डोळे लहानपणी पिवळसर, पूर्ण हिरवे व्हायला दोन ते चार वर्षं लागतात. थायलंडमध्ये हे सौभाग्याचं मांजर समजतात, नव्या नवरीला जोडी भेट द्यायची पद्धत होती. पाऊस लांबला की तिथल्या खेड्यांत मांजराला टोपलीत बसवून मिरवतात आणि घराघरातून त्याच्यावर पाणी शिंपडतात. आपल्याकडे धोंडी काढतात तेव्हा पाणी माणसाच्या डोक्यावर पडतं, तिथं ते मांजराच्या वाट्याला येतं, एवढाच फरक. मांजराचं मत कोणी विचारत नसावं.

स्वभावानं कोराट सयामीपेक्षा शांत, पण घरच्या माणसांवर हक्क गाजवणारं. मोठा आवाज त्याला खपत नाही. गणपतीच्या मिरवणुकीचा रस्ता दारावरून जात असेल तर त्या रात्री त्याला आतल्या खोलीत ठेवा. अमेरिकेत कोराटची जोडी पहिल्यांदा १९५९ मध्ये गेली, म्हणजे बाहेरच्या जगात ही जात तशी नवीनच. त्यामुळे गल्लीतलं राखाडी मांजर 'कोराट' म्हणून मोठ्या किमतीला कोणी देत असेल तर हसून पुढं जा. खऱ्या कोराटमध्ये मज्जासंस्थेचा एक आनुवंशिक आजार असू शकतो आणि त्याची जनुक-चाचणी करता येते. विकणाऱ्याला चाचणीचा कागद मागा. तो कागद नसेल तर सौदा नको.

सुफलक मिळणं फार अवघड, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही. त्याच्याशी गल्लत होते ती बर्मी मांजराची. बर्मी जातीचा इतिहास मजेदार आहे. १९३० मध्ये डॉ. जोसेफ थॉम्पसन यांच्याकडे सॅन फ्रान्सिस्कोला ब्रह्मदेशातून एक छोटी तपकिरी भाटी आली, नाव वाँग माऊ. तिच्यासारखा बोका तिकडे कुठंच नव्हता, म्हणून तिची जोडी सयामी बोक्याशी लावली. तिथून पुढं आजची बर्मी जात तयार झाली. बर्मी दिसतं त्यापेक्षा हाताला जड लागतं, सयामीपेक्षा हळू आवाजात बोलतं आणि पाहुण्यांच्या मांडीवरही बिनदिक्कत जाऊन बसतं. लहान मुलांच्या घरात आमची पसंती यालाच.

खाओ मनी पांढरंशुभ्र. एक डोळा निळा आणि एक पिवळा असेल तर भाव आणखी चढतो. घेण्याआधी त्याच्या पाठीमागे उभं राहून जोरात टाळी वाजवा. निळ्या डोळ्यांच्या पांढऱ्या मांजरांत बहिरेपणाचं प्रमाण बरंच असतं. बहिरं मांजर वाईट नसतं, पण त्याला रस्त्यावर सोडता येत नाही.

काळं 'कोन्चा' हेही थायलंडचंच. 'बॉम्बे' नावाचं काळंभोर मांजर मात्र ना थायलंडचं ना मुंबईचं. ते १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या केंटकी राज्यात बर्मी आणि काळ्या अमेरिकन मांजराच्या संकरातून तयार केलं. आपल्याकडच्या काळ्या बिबट्यासारखं दिसतं म्हणून मुंबईचं नाव दिलं. मुंबईहून मागवलं म्हणून कोणी जास्त पैसे मागत असेल तर त्याला हे वाचून दाखवा.

आपल्या भागात ही मांजरं टिकतात का?

टिकतात. थायलंडच्या उकाड्यात वाढलेली ही मांजरं, केस आखूड, आत लव जवळजवळ नाही. अथणी, रायबागकडच्या उन्हाळ्यात पर्शियन मांजर धापा टाकतं, सयामी सावलीत पसरून झोपतं. त्रास होतो तो थंडीत. रात्री बाहेर ठेवू नका, टोपलीत एखादी जुनी सुती गोधडी टाका.

खानापूरकडच्या लोकांना वेगळं सांगायचं आहे. पावसाळाभर मांजर भिजत राहिलं तर सर्दी-खोकला मागे लागतो, आणि जंगलाच्या कडेला अंधार पडल्यावर कुत्र्या-मांजरांवर बिबट्याचा डोळा असतो. दिवे लागायच्या आत आत घ्या. निपाणीकडे वखारी आणि गोदामांत उंदरांसाठी औषध टाकतात. असं औषध खाल्लेला उंदीर मांजरानं खाल्ला तर मांजरालाही विषबाधा होते. मांजर सुस्त पडलं, हिरड्या पांढऱ्या दिसल्या किंवा कुठून रक्त येऊ लागलं तर सकाळची वाट बघू नका.

खाण्याचं थोडक्यात. दूध-भाकरीवर मांजर जगतं असं वाटतं, कारण उरलेलं ते बाहेर शिकार करून भागवतं. घरात कोंडलेल्या मांजराला ती सोय नाही. टॉरिन नावाचा घटक त्याला मांस-मासळीतूनच मिळतो, तो कमी पडला की डोळे आणि हृदय दोन्ही बिघडतात. आमची बरीच गिऱ्हाइकं शाकाहारी आहेत, घरात मांस शिजवायचं नसेल तर पाकिटातलं तयार खाणं घ्या. शाकाहारी मांजर करण्याचा हट्ट मात्र धरू नका. बऱ्याच मोठ्या मांजरांना दूधही पचत नाही. कांदा-लसूण घातलेला रस्सा नको. आणि ताप आला म्हणून पॅरासिटामॉलची गोळी कधीही देऊ नका, मांजराला ती मारते.

पिल्लू दोन महिन्यांच्या आत आईपासून तोडून देत असतील तर घेऊ नका, तीन महिन्यांचं मिळालं तर उत्तम. पिल्लाच्या आईला बघायला मागा. ती माणसाला बघून पलंगाखाली पळत असेल तर पिल्लंही बहुधा भित्री निघतात. रेबीजची आणि बाकीच्या आजारांची लस कधी द्यायची ते डॉक्टर पुस्तकात लिहून देतात.

एक शेवटचं, आमच्या धंद्याच्या विरुद्ध वाटलं तरी. निळे डोळे आणि काळं तोंड एवढंच हवं असेल तर आपल्या गल्लीबोळातही तशी पिल्लं अधूनमधून जन्मतात. हे जनुक आता साध्या मांजरांतही मिसळलेलं आहे. तसं पिल्लू कोणी फुकट देत असेल तर ते घ्या आणि वाचलेल्या पैशांत लस आणि नसबंदी उरकून घ्या.

गणपती, दिवाळी आणि यल्लम्माच्या यात्रेच्या दिवसांत आमच्याकडे मांजरं ठेवायची जागा लवकर भरते, पंधरा दिवस आधी सांगून ठेवा. सोडायला येताना लसीचं पुस्तक आणा, मांजर काय खातं ते कागदावर लिहून आणा, आणि घरचा वास असलेलं एखादं जुनं कापड आणा. सयामी असेल तर सुती. घोंगडीचा तुकडा घरीच राहू दे.