नैसर्गिक आणि मानवनिर्मित पदार्थ : रचना आणि यांत्रिक गुणधर्म

लाकूड, हाड, शिंपला, कोळ्याचा धागा हे नैसर्गिक पदार्थ, तर स्टील, काच, केवलार (बुलेटप्रूफ जाकिटात वापरतात तो कृत्रिम धागा), कार्बन फायबर हे माणसाने बनवलेले. दोघांची तुलना करताना बरेच जण नुसती ताकद बघतात आणि स्टील जिंकलं म्हणून मोकळे होतात, पण खरी गंमत मांडणीत आहे. निसर्गाकडे कच्चा माल साधाच असतो, प्रोटीन, सेल्युलोज, थोडी खनिजं आणि पाणी, भट्टी वगैरे काही नाही, त्यामुळे जे काही कमवायचं ते रचनेतूनच.

शिंपल्याच्या आतला चमकदार थर बघा. त्यात साधारण ९५ टक्के कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीत असतं तेच, आणि ते एकटं असलं की ठिसूळ. पण मायक्रोस्कोपखाली दिसतात जेमतेम अर्धा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीच्या चकत्या, भिंतीतल्या विटांसारख्या एकीवर एक रचलेल्या आणि मधे प्रोटीनचा अगदी पातळ लेप. तडा गेलाच तर त्याला सरळ वाट मिळत नाही, प्रत्येक चकतीला वळसा घालावा लागतो, चकत्या किंचित सरकतात, लेप ताणला जातो आणि तड्याचा जोर त्यातच जिरतो. मूळ खनिजापेक्षा ३००० पट चिवट हा आकडा सगळीकडे फिरतो, पण तो मोजायची पद्धत आणि शिंपला ओला की कोरडा यावर बराच बदलतो, म्हणून त्यावर फार विसंबू नये. काचेत असा अडथळाच नसतो. १९२१ मध्ये ग्रिफिथ या इंग्लिश इंजिनिअरने दाखवलं की काच कमजोर पडते ती तिच्यातल्या बारीक चिरांमुळे, एकदा चीर धावली की संपलं.

स्टीलमधे स्फटिकांचे कण वाटेल त्या दिशेने पडलेले असतात, म्हणून ते सगळ्या बाजूंनी जवळपास सारखंच वागतं आणि इंजिनिअर कोष्टकातला आकडा बिनधास्त वापरतो. लाकडाचं तसं नाही, तंतूंच्या रेषेच्या दिशेने भक्कम, आडवं ओढलं की चिरतं, त्यात गाठी आणि दमटपणा. प्लायवूडमधे थर आलटून पालटून आडवे-उभे लावतात ते याचसाठी.

केवलार १९६५ मध्ये रसायनशास्त्रज्ञ स्टेफनी क्वोलेकच्या कामातून आलं. ताकदीत ते कोळ्याच्या धाग्याला मागे टाकतं, पण ताणल्यावर ३-४ टक्क्यांतच तुटतं, धागा मात्र ३० टक्क्यांच्या आसपास लांबतो, त्यामुळे तुटेपर्यंत जास्त ऊर्जा पचवतो. आणि केवलार कातायला तीव्र सल्फ्युरिक आम्ल लागतं, कोळ्याचं पाण्यावर भागतं!

हाडाची गोष्ट अजून वेगळी, कारण ते जिवंत आहे. हाड व्हिनेगरमधे बरेच दिवस ठेवलं की खनिज विरघळतं आणि ते रबरासारखं वाकतं, उलट जाळून कोलॅजन (हाडातलं प्रोटीन) घालवलं की नुसतं ठिसूळ खनिज उरतं. भार पडेल तिथे हाड वाढतं, नाही पडला तर झिजतं, अवकाशात राहणाऱ्यांच्या कंबरेची हाडं महिन्याला १ ते १.५ टक्का विरळ होतात. हीच अडचण धातूच्या इम्प्लांटला, म्हणजे शरीरात बसवलेल्या कृत्रिम भागाला, नडते. हाडाचा ताठपणा साधारण २० गिगापास्कल (ताठपणा मोजायचं एकक), टायटॅनियमचा ११०, त्यामुळे बराचसा भार धातूच उचलतो आणि बाजूचं हाड काम नाही म्हणून पातळ होत जातं. म्हणून आता काही इम्प्लांट मुद्दाम सच्छिद्र टायटॅनियमचे थ्रीडी प्रिंट करतात, ताठपणा खाली यावा आणि हाड त्या भोकांत वाढून घट्ट बसावं म्हणून.