आयडलिंग न धरणारी जुनी मोटरसायकल: कार्ब्युरेटर ट्यूनिंग

जुनी कार्ब्युरेटरवाली (हवा-पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या भांड्याची) मोटरसायकल ॲक्सिलरेटरची मूठ सोडली की बंद पडत असेल, सिग्नलला सारखं घुर्र घुर्र करत उभं राहावं लागत असेल, तर गाडी आयडलिंग, म्हणजे मूठ सोडल्यावर नुसतं चालू राहणं, धरत नाही असं म्हणतात. हवा-पेट्रोलचं प्रमाण आणि इंजिनाचा कमीत कमी वेग जुळवून ती परत धरायला लावायची, हे ट्यूनिंग. भारतात एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे कडक नियम लागू झाले, बहुतेक नव्या गाड्या कार्ब्युरेटर सोडून पेट्रोल इंजेक्शनवर गेल्या, त्यामुळे हे काम आता मुख्यतः कास्ट आयर्न (जुन्या बिडाच्या इंजिनाची) बुलेट, जावा-येझदी, राजदूत, आरएक्स १०० असल्या गाड्यांपुरतं उरलंय आणि ते कानाने करणारे मिस्त्रीही बहुतेक त्याच जमान्यातले.

आयडलिंगचा सगळा कारभार पायलट जेटवर चालतो. मूठ सोडलेली असताना स्लाइड (मुठीच्या केबलने वर-खाली होणारा, हवेची वाट उघडणारा दट्ट्या) जवळपास बंद असते, इंजिनाला मिळतं ते पेट्रोल या एका बारीक पितळी जेटमधून. स्लाइडला लटकलेल्या नीडलची (सुईची) पाळी साधारण पाव मूठ उघडल्यावर येते आणि मोठ्या मेन जेटची पाऊण मूठ पिळल्यावर. म्हणून "हायवेला मस्त पळते पण सिग्नलला मरते" हे ऐकल्यावरही कोणी मेन जेट बदलायला निघाला तर गाडी दुसरीकडे न्यावी.

पायलट जेटचं भोक केवढं, तर बुलेटवर बरीच वर्षं येणाऱ्या मिककार्बसारख्या कार्ब्युरेटरात ते पाव मिलिमीटरच्या आसपास असतं. गाडी दोन-चार महिने उभी राहिली की कार्ब्युरेटरखालच्या वाटीतलं पेट्रोल उडून जातं, मागे पिवळट चिकट थर राहतो आणि पहिलं बुजतं ते हेच भोक. जेट उजेडासमोर धरायचा, पलीकडे स्वच्छ गोल ठिपका दिसला तर ठीक, नाहीतर कार्ब क्लीनर आणि हवेचा प्रेशर मारायचा. अगदीच निघत नसेल तर साध्या वायरमधला तांब्याचा एक बारीक तंतू फिरवायचा. टाचणी किंवा क्लचच्या केबलची तार घातली की भोक मोठं होतं आणि मग तो जेट कायमचा जास्त पेट्रोल देतो.

पण खरं सांगायचं तर दोष पुष्कळदा कार्ब्युरेटरात नसतोच. बुलेटचा पॉइंट गॅप (ठिणगी पाडणाऱ्या काँटॅक्ट पॉइंटमधली फट) ०.३५ ते ०.४० मिलिमीटरमध्ये नसेल, व्हॉल्व्ह हलवणारे टॅपेट घट्ट असतील, बॅटरी खालावलेली असेल तर स्क्रू कितीही फिरवा, उपयोग शून्य. जुन्या बुलेटच्या हेडलाइटवरचा अँपिअर मीटर बघावा, आयडलिंगला काटा मायनसकडे झुकतो, म्हणजे तेवढा वेळ बॅटरीच्याच पैशावर घर चालू असतं. दुसरं कारण म्हणजे बाहेरची हवा. कार्ब्युरेटर आणि हेडच्या मधलं पॅकिंग कडक झालं, रबर तडकलं की फुकटची हवा आत जाते. चालू गाडीच्या त्या सांध्यावर थोडं साबणाचं पाणी टाकलं आणि आवाज बदलला तर चोर सापडला. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकचं ऑइल सील गेलं तरी हेच होतं, ते बाहेरून दिसत नाही आणि त्यासाठी बहुतेकदा इंजिन खोलावंच लागतं.

हे सगळं बघून झालं की मगच स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायचा. गाडी आठ-दहा किलोमीटर फिरवून गरम करायची, चोक बंद, एअर फिल्टर जागेवर (फिल्टर काढून ट्यून केलेली गाडी फिल्टर बसवला की जड होते, हे लोक विसरतात). एअर स्क्रू (आयडलिंगच्या हवेचं प्रमाण ठरवणारा) हलक्या हाताने पूर्ण आत टेकवायचा, पिळायचा नाही कारण टोक तुटून आतच राहतं, आणि तिथून दीड फेरा बाहेर काढायचा. आयडल स्क्रूने (स्लाइड किंचित वर धरून ठेवणाऱ्या) वेग थोडा चढा ठेवून एअर स्क्रू पाव-पाव फेरा आतबाहेर करत जिथे इंजिन सगळ्यात जोरात आणि एकसारखं चालतं तिथे थांबायचं, मग आयडल स्क्रूने वेग खाली आणायचा आणि हेच एकदोनदा परत. अर्ध्या फेऱ्याच्या आतच सूर लागत असेल तर पायलट जेट लहान पडतोय, अडीच फेऱ्यांच्या पुढे जावं लागत असेल तर मोठा आहे. मात्र हा हिशोब स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तेव्हाचा, काही कार्ब्युरेटरांत तो इंजिनाच्या बाजूला असतो आणि पेट्रोल कमीजास्त करतो, तिथे सगळं उलटं.

मूठ झटकन सोडून बघितलं तरी बरंच कळतं. वेग वरच लटकून सावकाश उतरला तर हवा जास्त, धपकन खाली जाऊन गाडी मरायला टेकली तर पेट्रोल जास्त. प्लग काळाकुट्ट (पेट्रोल जास्त) की पांढराफट्ट (हवा जास्त) हेही बघावं.

दोन कार्ब्युरेटरवाली गाडी हे वेगळंच प्रकरण. एस्कॉर्ट्सने १९८३ पासून यामाहा आरडी ३५० वरून बनवलेली राजदूत ३५० ही ३४७ सीसीची दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक, प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कार्ब्युरेटर. इथे दोन्ही स्लाइड एकाच क्षणी उचलल्या पाहिजेत, नाहीतर एक सिलिंडर काम करतं आणि दुसरं नुसतं ओढलं जातं. दोन्ही स्लाइडखाली एकाच मापाचे ड्रिल बिट ठेवून उंची सारखी करायची आणि केबलचे ॲडजस्टर असे जुळवायचे की मूठ हलताच दोन्ही बिट एकदमच सुटे व्हावेत. एअर स्क्रू त्यानंतर, आणि शेवटी दोन्ही सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरून फुंकर सारखी लागते का बघायचं.

पुण्यात जुळवलेली गाडी सुमारे १३५० मीटरवरच्या महाबळेश्वरला थोडी जड वाटते, कारण वर हवा विरळ, पेट्रोल तेवढंच. लडाखला नेली तर जेटच बदलावा लागू शकतो. कोकणातल्या पावसात टाकीच्या झाकणातून पाणी शिरतं आणि वाटीच्या तळाशी बसतं. त्यात आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, ते ओलावा ओढून घेतं आणि जुन्या रबरी सील-पाइपांना मानवत नाही, त्यामुळे गाडी उभी ठेवायची असेल तर टाकीखालचा पेट्रोल कॉक बंद करून वाटी रिकामी करावी.

बुलेटवाल्यांना आयडलिंग एकदम खाली हवं असतं, धक... धक... ऐकायला. छान वाटतं, पण तेवढ्या मंद वेगात ऑइल पंपही मंदच फिरतो, तेव्हा मिनिटाला आठशे फेऱ्यांच्या (आरपीएम) खाली न जाणं बरं. आणि सगळं करूनही आज जुळलेली गाडी उद्या बिघडत असेल तर स्लाइड बोटाने हलवून बघावी. ती आत खडखडत असेल तर बॉडीच झिजलीय, कडेने हवा जातेय आणि मग नवा कार्ब्युरेटर घेण्याशिवाय इलाज नाही. तोही चांगल्या कंपनीचा, कारण बाजारातल्या डुप्लिकेट जेटवर छापलेला नंबर आणि प्रत्यक्ष भोक यांचा मेळ बसेलच असं नाही.