वाइल्डकार्ड विस्तार (कमांड लाइनवरील)

फाइलचे पूर्ण नाव न देता *, ? आणि चौकटी कंस या चिन्हांनी जुळणाऱ्या फाइलींचा गट निवडण्याची रीत. युनिक्सच्या वर्तुळात हिला ग्लॉबिंग म्हणतात. * म्हणजे कितीही अक्षरे (एकही नसले तरी चालते), ? म्हणजे नेमके एक अक्षर आणि कंस म्हणजे आत दिलेल्यांपैकी एक. रेग्युलर एक्स्प्रेशनमध्येही (मजकुरातील नमुने शोधण्याच्या भाषेतही) हीच चिन्हे येतात, पण तेथे * आणि ? यांचा अर्थ निराळा असतो. यादी रिकामी येते, भलतीच येते किंवा एरर येतो, अशा बहुतेक तक्रारी एका प्रश्नापाशी जाऊन थांबतात : पॅटर्नचा विस्तार, म्हणजे चिन्हांच्या जागी जुळणारी नावे भरण्याचे काम, कोण करतो?

उगम : फाइलनामांत ताऱ्याचा वापर युनिक्सपूर्वीचा आहे. मल्टिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये तो रूढ होता. बेल लॅब्जने १९६९ मध्ये मल्टिक्समधून अंग काढून घेतले, तोवर युनिक्सचे निर्माते केन टॉम्पसन आणि डेनिस रिची त्याच प्रकल्पावर होते. त्यामुळे चिन्ह तेथूनच आले असावे, असे मानण्याकडे कल आहे. मात्र मल्टिक्समध्ये ताऱ्याचा अर्थ लावण्याची जबाबदारी त्या त्या कमांडची असे. युनिक्सने ती कमांडकडून काढून घेतली. खरे नवेपण चिन्हात नसून या फेरवाटणीत आहे, हे मत अधिक पटण्याजोगे वाटते. नोव्हेंबर १९७१ च्या पहिल्या आवृत्तीच्या मार्गदर्शिकेत ‘ग्लॉब’ची नोंद स्वतंत्र प्रोग्रॅम म्हणून आहे : ओळीत खास चिन्ह दिसले की शेल (टाइप केलेली ओळ वाचून कमांड चालवणारा प्रोग्रॅम) ती ओळ ग्लॉबकडे सोपवी आणि ग्लॉब जुळणारी नावे भरून मूळ कमांड चालवी. हा प्रोग्रॅम बी या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिला होता असे सांगतात. तो वेगळा ठेवण्यामागे त्या काळच्या यंत्रांची तुटपुंजी मेमरी हे कारण असावे. १९७९ च्या सातव्या आवृत्तीतील बोर्न शेलने हे काम स्वतःकडे घेतले आणि पुढच्या जवळजवळ सर्व शेलनी तेच केले.

जुळणी नसताना : एकही नाव जुळले नाही, तर जुना ग्लॉब ‘नो मॅच’ असे सांगून थांबत असे. सी शेलने ही पद्धत राखली. बोर्न शेलने मात्र पॅटर्न आहे तसाच कमांडच्या हाती द्यायचे ठरवले, आणि बॅश या शेलमध्ये आजही मुळात तेच घडते. म्हणून एलएस (ls) या फाइलींची यादी दाखवणाऱ्या कमांडला ‘एलएस नोंद*’ असे दिल्यावर ‘नोंद*’ नावाची फाइल नाही, अशी तक्रार एलएस करते. वास्तविक तिला तारा दिसायलाच नको होता. झी शेल आणि फिश हे शेल अशा वेळी कमांड चालवतच नाहीत, आणि तेच सुरक्षित आहे. बॅशमध्ये ‘फेलग्लॉब’ हा पर्याय सुरू केल्यास तसेच होते. ‘नलग्लॉब’ मात्र जपून वापरावा : त्यात न जुळलेला पॅटर्न ओळीतून नाहीसा होतो, उरते नुसते ‘एलएस’, आणि जुळणारे काहीही नसताना अख्ख्या डिरेक्टरीची यादी समोर येते.

तपासाची सोपी रीत म्हणजे ओळीच्या सुरुवातीला ‘एको’ (echo, दिलेले शब्द जसेच्या तसे छापणारी कमांड) लावणे. शेलने कमांडला नेमके काय दिले ते दिसते. ‘एको एलएस *’ केल्यावर नावांत डिरेक्टरीही आढळतात. एलएस त्यांच्या आतले सगळे दाखवते, म्हणून यादी फुगते. ‘-डी’ ऑप्शनने ती आवरते. एखाद्या फाइलचे नावच ‘-’ ने सुरू होत असेल, तर कमांड त्याला ऑप्शन समजते. तेथे नुसत्या * ऐवजी ./* लिहावे. फाइंड (find) या फाइली शोधणाऱ्या कमांडला पॅटर्न द्यायचा तर तो अवतरणचिन्हांत हवा, नाहीतर फाइंड सुरू होण्याआधीच शेल त्याचा विस्तार करून मोकळा होतो.

टिंबाने सुरू होणारी नावे * ला जुळत नाहीत. या प्रथेची सुरुवात अपघाताने झाली, असे बेल लॅब्जमधील युनिक्सकार रॉब पाइक यांनी लिहिले आहे : . (चालू डिरेक्टरी) आणि .. (वरची डिरेक्टरी) या नोंदी गाळण्यासाठी एलएस फक्त पहिले अक्षर तपासत असे. उलट .* या पॅटर्नला या दोन्ही नोंदी जुळत आणि वरच्या डिरेक्टरीची यादीही येई, बॅश ५.२ पासून (२०२२) त्या आपोआप वगळल्या जातात.

‘आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग’ हा एरर शेलचा नव्हे, कर्नलचा (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा) आहे. नव्या प्रोग्रॅमला देता येणाऱ्या नावांच्या एकूण लांबीला लिनक्समध्ये पूर्वी १२८ किलोबाइटची मर्यादा होती. २.६.२३ पासून (२००७) ती स्टॅकच्या (प्रोग्रॅमला मिळणाऱ्या मेमरीच्या एका भागाच्या) मर्यादेच्या चौथा हिस्सा, म्हणजे नेहमीच्या ८ मेगाबाइट स्टॅकवर २ मेगाबाइट असते. ‘एको *’ शेलच्या आतच चालत असल्याने तिला ही अडचण येत नाही.

विंडोज : डॉसपासूनच्या परंपरेत विस्तार शेल करीत नाही, पॅटर्न प्रोग्रॅमपर्यंत पोहोचतो. तेथे *.* ला एक्स्टेन्शन नसलेल्या फाइलीही जुळतात. शोध ८.३ साच्यातील (नावाला आठ आणि एक्स्टेन्शनला तीन अक्षरांच्या) आखूड नावांतही होत असल्याने, ती नावे तयार होत असतील तर तीन अक्षरी एक्स्टेन्शनच्या पॅटर्नला चार अक्षरीही सापडतात.

देवनागरी नावे : ? चे एक अक्षर म्हणजे एक युनिकोड चिन्ह. ‘दऱ्या’ डोळ्यांना दोन अक्षरे दिसतात, पण त्यात द, ऱ, हलन्त, य आणि काना अशी पाच चिन्हे आहेत; यूटीएफ-८ लोकेलमध्ये (भाषा व अक्षरलेखनाच्या सेटिंगमध्ये) ????? लागतात. लोकेल ‘सी’ असेल तर ? म्हणजे एक बाइट, आणि दर चिन्हाला तीन बाइट असल्याने पंधरा लागतात. शिवाय ‘ऱ’ हे एकच चिन्ह म्हणूनही साठवता येते आणि र अधिक नुक्ता असेही. मॅकची जुनी एचएफएस प्लस प्रणाली अशी जोडचिन्हे सुटी करून ठेवते. एका यंत्रावर टाइप केलेला ‘दऱ्या*’ दुसरीकडून आलेल्या फाइलला जुळला नाही, तर नावातले बाइट हेक्स स्वरूपात छापून पाहावेत; एलएसच्या यादीत दोन्ही नावे हुबेहूब सारखी दिसतात.